खडूने रंगवलेला मंगळ

आपल्या शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जायचा. आम्हालाही त्याचे फारसे वाईट वाटत नसे. इलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी चार-पाच मुले सोडली, तर चित्रकला हा ‘वरचा’ विषय अशीच सर्वांची समजूत होती. विज्ञानाशी तिचा संबंध प्रयोगवहीतल्या आकृतीपुरता. पुढे अंतराळ संशोधनाचा इतिहास वाचताना ही समजूत बदलावी लागली. त्यातल्या तीन हकिगती या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

पहिली सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यांची. त्यांना लहानपणापासून चित्रकार व्हायचे होते, पण कला अकादमीतले शिक्षण पैशांअभावी परवडणारे नव्हते, म्हणून ते वैमानिक झाले. १८ मार्च १९६५ रोजी व्होस्खोद २ यानातून ते बाहेर पडले आणि सुमारे १२ मिनिटे अवकाशात तरंगत राहिले. असे करणारे ते पहिले मानव. निर्वात पोकळीत त्यांचा पोशाख इतका फुगला की यानात परत शिरता येईना. अखेर पोशाखातली थोडी हवा सोडून ते कसेबसे आत आले. अशा उड्डाणातही त्यांनी रंगीत पेन्सिली सोबत नेल्या होत्या. वजनरहित अवस्थेत त्या इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या. त्या पेन्सिलींनी त्यांनी यानातून दिसणारा सूर्योदय काढला : पृथ्वीची काळी कड आणि तिच्यावर रंगांचे पातळ थर. अंतराळात काढलेले पहिले चित्र म्हणून आज ते ओळखले जाते.

दुसरी हकिगत त्याच वर्षीची, चार महिन्यांनंतरची. अमेरिकेचे मरिनर ४ हे यान २८ नोव्हेंबर १९६४ रोजी निघाले आणि जुलै १९६५च्या मध्यास मंगळाजवळून सुमारे ९,८०० किलोमीटर अंतरावरून गेले. यानाने घेतलेली छायाचित्रे आधी टेपवर साठवायची आणि मग आकड्यांच्या रूपात पृथ्वीवर पाठवायची, अशी योजना होती. एका छायाचित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके. प्रत्येक ठिपका किती उजळ वा काळा हे सांगणारा ० ते ६३ मधला एक आकडा. पाठवण्याचा वेग इतका मंद की एका चित्राला सुमारे आठ तास लागत.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना टेप-रेकॉर्डर नीट चालला की नाही याची धास्ती होती. संगणकाकडून चित्र तयार होईपर्यंत थांबणे त्यांच्या जिवावर आले. रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या कापल्या, शेजारी-शेजारी लावून भिंतीवर टाचल्या आणि रंगाच्या दुकानातून आणलेल्या पेस्टल खडूंनी एकेक आकडा रंगवायला घेतला. अमुक आकड्यापासून तमुकपर्यंत पिवळा, पुढे तांबूस, त्याच्या पुढे गडद तपकिरी. हे मंगळाचे खरे रंग नव्हते; उजेड आणि अंधार वेगळे दिसावेत एवढाच हेतू होता. आकडे भरत गेले तसतशी मंगळाची वक्र कड भिंतीवर उमटली. रेकॉर्डर ठीक होता! अवकाशयानाने जवळून टिपलेला मंगळ माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा, हाताने रंगवलेला. पुढे तो भिंतीचा तुकडा कापून, चौकट करून संस्थेचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट देण्यात आला.

तिसरी हकिगत ॲलन बीन यांची. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ मधून चंद्रावर उतरलेले ते चौथे मानव. तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात रंगीत टीव्ही कॅमेऱ्याचे तोंड चुकून सूर्याकडे वळले आणि कॅमेरा निकामी झाला. बीन यांनी हातोडीने ठोकूनही पाहिले, उपयोग झाला नाही. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांना पुढचे काहीच दिसले नाही. १९८१ मध्ये बीन यांनी नासाची नोकरी सोडली आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते चंद्रच रंगवत राहिले. चंद्रावर वापरलेल्या हातोडीने ते कॅनव्हासवरच्या ओल्या थरात खुणा उमटवत, आणि चंद्राची धूळ बसलेल्या आपल्या पोशाखावरच्या बिल्ल्यांचे बारीक तुकडे रंगात मिसळत. चंद्रावर गेलेल्या माणसांपैकी चित्रकार असा हा एकच.

या तिघांत ग्रम तर चित्र काढायला बसलेलेच नव्हते. त्यांना यंत्राची खात्री करायची होती, आणि हाताशी सर्वांत लवकर येणारे साधन होते खडू. चित्र काढणे हीसुद्धा समजून घेण्याची एक रीत आहे, हे आम्हाला चित्रकलेचे सर सांगत असत. तेव्हा ऐकले नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला संगणक देण्याचा विचार मेळाव्यात व्हावा, असे अनेकांनी सुचवले आहे. जरूर द्यावेत. त्याच यादीत चित्रकलेच्या वर्गासाठी कागद आणि रंगही असावेत, आणि मुख्याध्यापकांना एक विनंती करावी : परीक्षा जवळ आली तरी तो तास गणिताला देऊ नये.