कार्डाची वार्षिक फी : वर्गणी की मोबदला?

इतिहास म्हटलं की आपल्याला तह, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज मी पाचशे रुपयांचा इतिहास सांगणार आहे. क्रेडिट कार्डाची वार्षिक फी बिलात आली, आपण कार्ड बंद करायला निघालो, तर ती फी परत मिळते का? मिळते तर कुणाच्या हुकमानं? बँकेच्या फोनवरची मुलगी याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देते. खरं उत्तर समजायला मात्र सत्तर वर्षं मागं जावं लागतं.

आधी फौजेतला एक हिशेब सांगतो. ऑफिसर्स मेसमध्ये दोन प्रकारचे पैसे कापले जातात. एक जेवणाचे. जितके दिवस जेवलात तितक्या दिवसांचे. रजेवर गेलात तर त्या दिवसांचे लागत नाहीत. दुसरी मेसची वर्गणी. ती तुम्ही त्या मेसचे सदस्य आहात म्हणून द्यायची, मग तुम्ही महिनाभर तिथं पाऊलही टाकलं नाही तरी. पहिला पैसा वापराचा, दुसरा सदस्यत्वाचा. वर्गणी परत मागायची पद्धत नसते, आणि कुणी मागतही नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण क्रेडिट कार्डाच्या फीचा सगळा झगडा या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा आणि त्याच्या भागीदारांनी एक कंपनी काढली. नाव डायनर्स क्लब. नावातच क्लब आहे बघा. सुरुवातीचे सदस्य बहुतेक व्यापारी, विक्रेते, हॉटेलात पाहुण्यांना जेवू घालणारे लोक. कार्ड दाखवायचं, सही करायची, महिन्याच्या शेवटी सगळे पैसे एकदम भरायचे. कंपनी हॉटेलवाल्याकडून बिलाच्या सात टक्क्यांच्या आसपास कापून घ्यायची आणि सदस्याकडून वर्षाला थोडे डॉलर वर्गणी. व्याज नाही, कारण उधारी पुढच्या महिन्यात जायचीच नाही. म्हणजे वार्षिक फी जन्माला आली ती क्लबाची वर्गणी म्हणून. वर्गणीचे नियमही तिला तेव्हाच चिकटले: वर्षाची आगाऊ द्यायची आणि मधेच सोडलं तर परत मागायची नाही.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन एक्स्प्रेसनं आपलं कार्ड आणलं. त्याची फी सहा डॉलर ठेवली, डायनर्सपेक्षा मुद्दाम एक डॉलर जास्त. आमचं कार्ड वरच्या दर्जाचं, हे सांगायला तो एक डॉलर होता. फीचा आकडा खर्चावरून न ठरता प्रतिष्ठेवरून ठरतो, हे तेव्हापासून चालू आहे. आज धातूचं कार्ड दहा-बारा हजार फी घेऊन विकलं जातं, त्याचा आजोबा म्हणजे हा एक डॉलर.

त्याच वर्षी महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात साठ हजार घरांना न मागता कार्डं पोस्टानं पाठवून दिली. वार्षिक फी नाही. इथं क्लब वगैरे काही नव्हतं, बँकेला उधारीवरचं व्याज हवं होतं. लोकांनी मागितलंच नव्हतं तर फी कशी लावणार? हा साधा विचार त्या काळच्या बँकांनाही कळत होता. न मागता कार्ड पाठवण्याच्या या पद्धतीनं चोऱ्या आणि बुडीत खाती इतकी वाढली की १९७० मध्ये अमेरिकेनं कायद्यानं त्यावर बंदी घातली.

मग बँकांची कार्डं फीवर आली कधी? याचं कारण व्याजाच्या मर्यादेत आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. मिनेसोटा राज्यात कार्डाच्या व्याजावर वर्षाला बारा टक्क्यांची मर्यादा होती. तिथली मार्केट नॅशनल बँक त्यात भागेना म्हणून कार्डावर दहा डॉलर वार्षिक फी घेत होती. नेब्रास्का राज्यातली ओमाहाची बँक मात्र मिनेसोटातल्याच लोकांना फी न लावता, अठरा टक्क्यांपर्यंत व्याजाचं कार्ड विकत होती. मार्केट बँक कोर्टात गेली. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बँक ज्या राज्यात आहे तिथलाच व्याजदर तिला लागू. मार्केट बँक हरली. पुढं मार्च १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी महागाई रोखण्यासाठी उधारीवर निर्बंध आणले, आणि ती सबब पुढं करून एकामागून एक बँकांनी वार्षिक फी सुरू केली. निर्बंध त्याच वर्षी उठले. फी राहिली. तात्पुरत्या म्हणून बसवलेल्या चौक्या कशा कायमच्या होतात, ते आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कार्डाच्या अटी उघड सांगण्याचा कायदा केला. त्यात वार्षिक फीबद्दल एक बारीक पण मोलाची तरतूद होती. नूतनीकरणाची फी लावण्याआधी ग्राहकाला कळवायचं, आणि कार्ड बंद करून ती फी कशी टाळायची हेही त्याच पत्रात सांगायचं. फी बिलात लावूनच कळवलं, तर ग्राहकाला तीस दिवसांची सवड. तेवढ्यात कार्ड बंद केलं तर फी द्यायची नाही. तिकडं फी परत मिळण्याचा जो रिवाज पडला, त्याचं मूळ हे. बँकांच्या दिलदारपणाचा त्यात संबंध नाही.

भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये काली मोदी यांनी आणला, तो मोजक्या श्रीमंतांसाठी. बँकांमध्ये पहिला मान मुंबईच्या सेंट्रल बँकेचा, १९८० सालच्या सेंट्रलकार्डामुळे. पाठोपाठ आंध्र बँक आली, आणि १९८४ च्या सुमारास बँक ऑफ बडोदाचं बॉबकार्ड. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये काढलेली ही बँक, तेव्हा बडोद्याच्या मराठी मंडळींनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. त्या दिवसांत कार्ड मिळणं हाच मान होता, त्यामुळे फीबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. वर्गणीचाच जमाना.

चित्र बदललं ते २००० नंतर. पेट्रोल पंपावर, मॉलच्या दारात, रेल्वे स्टेशनबाहेर टेबल टाकून पोरं कार्डं विकू लागली. 'लाइफटाइम फ्री' हा शब्द तेव्हाचा. पहिल्या वर्षी फुकट, दुसऱ्या वर्षी बिल. न मागता कार्ड घरी. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. फुकट म्हणून दिलेल्या कार्डात छुपे आकार नकोत. न मागता कार्ड देऊन बिल लावलं, तर ते आकार उलटे करायचे आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून त्या माणसाला द्यायची. अमेरिकेनं १९७० मध्ये शिकलेला धडा आपण पस्तीस वर्षांनी गिरवला.

यात खरा धोका पाचशे रुपयांचा नसतो, हे सांगायला एक प्रसंग सांगतो. आमच्या पलटणीचे एक निवृत्त सुभेदार साहेब बेळगावजवळ राहतात. पेन्शनचं खातं असलेल्या बँकेनं त्यांना कार्ड दिलं, फुकट म्हणून. त्यांनी ते एकदाही वापरलं नाही. दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये फी आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ५८८ रुपये ८२ पैसे. त्यांनी आठवड्यातच कार्ड बंद करायला सांगितलं. उत्तर आलं: आधी थकबाकी भरा, मग बंद करू. मला फोन केला. म्हणाले, "साहेब, पैसे पाचशेच आहेत हो. पण मी कार्ड हातात धरलं नाही, तर देऊ कशापायी?" त्यांचा मुद्दा जेवणाच्या हिशेबाचा होता, बँकेचा वर्गणीचा. मी विचारलं, घरात कर्जाचं काही चालू आहे का? मुलीच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज केला होता, आणि सहकर्जदार ते स्वतः. म्हणजे ही फी थकीत म्हणून त्यांच्या नावावर क्रेडिट ब्युरोत चढली असती, तर पाचशे रुपयांपायी पोरीची ॲडमिशन अडकली असती.

पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी नियम. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांबद्दल नवे निर्देश काढले, ते १ जुलैपासून लागू झाले आणि काही कलमं १ ऑक्टोबरपासून. त्यात कार्ड बंद करण्याला मुदत आली: सगळी देणी चुकती असतील तर सात कामाच्या दिवसांत. उशीर झाला तर दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला. विनंती हेल्पलाइन, ई-मेल, ॲप, वेबसाइट अशा मार्गांनी घ्यायची, पोस्टानंच पाठवा असा हट्ट धरायचा नाही. बंद केल्यावर कार्डात आपले पैसे शिल्लक असतील तर ते बँक खात्यात द्यायचे. ब्युरोला तीस दिवसांत कळवायचं. फी वाढवायची तर महिनाभर आधी सांगायचं, आणि त्या वाढीमुळे कुणी कार्ड परत केलं तर बंद करण्याचा वेगळा आकार नाही. न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवायचं नाही, हेही आलं.

एवढं सगळं आलं, पण भरलेली वार्षिक फी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत द्या, असं कलम त्यात नाही. अमेरिकेसारखी तीस दिवसांची सवडही नाही. आपल्याकडं फी परत मिळते ती त्या त्या बँकेच्या अटींनुसार किंवा आपण नेटानं मागितली म्हणून. माझ्या मते ही उणीव आहे. विमा पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून परत करायला जशी मुदत मिळते, तशी कार्डाच्या फीलाही मिळायला हवी.

आणि पेच कुठं आहे पाहा. सात दिवसांचं घड्याळ 'देणी चुकती असतील तर' या शब्दांवर चालू होतं. बिलात लागलेली फी हीच देणी. म्हणून फी लागण्याआधी अर्ज केलेला बरा. ज्या महिन्यात कार्ड मिळालं तो महिना कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच्या महिनाभर आधी निर्णय घ्या. फी लागून गेली असेल तर एकाच पत्रात दोन मागण्या करा, याच क्रमानं: फी उलटी करा, आणि त्यानंतर खातं बंद करा. फोनवर बोललात तरी ई-मेल पाठवा, तक्रार क्रमांक घ्या. समोरून 'इतका खर्च केलात तर फी माफ करू' असं आलं, तर ती दुसरी बोली आहे. कार्ड ठेवायचं नसेल तर तिच्यात शिरू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सुभेदार साहेबांनी असंच पत्र पाठवलं. कार्ड फुकट म्हणून दिलं होतं, एकदाही वापरलेलं नाही, बिल आल्यापासून आठवड्यात बंद करायला सांगितलं होतं, हे तारखांसह लिहिलं. अकराव्या दिवशी ४९९ रुपये उलटे झाले. जीएसटीचे ८९ रुपये ८२ पैसे तसेच राहिले! त्यांना हायसं वाटलं होतं, मला नाही. ते ८९ रुपये थकले तरी खातं थकीतच. मूळ आकार रद्द झाला तर त्यावरचा कर कसला उरणार? बँकेला क्रेडिट नोट काढून तो कर समायोजित करता येतो, जीएसटी कायद्याच्या ३४ व्या कलमात तशी सोय आहे, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. दुसरं पत्र गेलं, त्यात कलमाचा उल्लेख केला. कर परत झाला, आठवड्यानं खातं बंद झाल्याचा एसएमएस आला.

कोर्टाची वाट इथं फारशी उपयोगाची नाही, हेही सांगून टाकतो. अहमदाबादच्या 'आवाज' संस्थेच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जुलै २००८ मध्ये कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. सोळा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. दर पाहणं हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नाही. मामला व्याजाचा होता, पण फीच्या बाबतीतही बदल हवा असेल तर तो रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच करून घ्यावा लागेल, असं मला वाटतं.

एक प्रश्न नेहमी येतो: एसएमएस आला, आता कागद फेकू का? नको. दीड-दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कार्डापुढं 'बंद' लिहिलेलं आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. चूक दिसली तर ब्युरोकडं लेखी तक्रार करा. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुमची. सुभेदार साहेबांच्या रिपोर्टवर नोंद बरोबर होती. त्याची प्रत त्यांनी कर्जाच्या फायलीत लावली.