ओनामा : लहानग्यांच्या पहिल्या धड्यांचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी गादीवर बसलो, तो आजतागायत. इतिहासाचा पंडित असल्याचा माझा दावा नाही. परंतु ट्रस्टच्या पाठशाळेत दर रविवारी जमणारी मुले पाहताना एक प्रश्न मनात वारंवार येतो : आपल्या पूर्वजांनी लहान मुलांना अगदी आरंभी काय शिकविले, आणि त्यातले काय राहिले, काय गेले? त्याचा यथाशक्ती घेतलेला हा मागोवा वाचकांनी गोड मानून घ्यावा.

पहिले विद्यार्थी : दोन मुली

जैन परंपरेत विद्यारंभाची कथा भगवान ऋषभदेवांपासून सुरू होते. त्यांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून शिकविले. उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक. अक्षरे डावीकडून उजवीकडे लिहिली जातात आणि अंकांची स्थाने मात्र उजवीकडून डावीकडे, एकं, दहं, शतं अशी वाढत जातात, याची संगती आपले वडीलधारे या कथेने लावीत असत. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हा प्रसंग विस्ताराने वर्णिला आहे. अक्षरओळख आणि अंकओळख हे प्राथमिक शिक्षणाचे दोन पाय या कथेत स्पष्ट दिसतात. आणखी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे. कथेतील या पहिल्या दोन्ही विद्यार्थिनी मुली आहेत.

जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्याच काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. लौकिक असो वा धार्मिक, कोणत्याही व्यवहारात गणनेवाचून चालत नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. अपूर्णांकांसाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला पूर्ण संख्यांइतकेच पाव, अर्धा आणि पाऊण यांचेही काम पडते. हा ग्रंथ १९१२ साली मद्रासहून एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, तेव्हा आधुनिक विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

'ओ ना मा सी धं'

कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण मराठीत 'ओनामा' म्हणतो. हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनापासून आला आहे. जुन्या काळी महाराष्ट्रातच नव्हे, तर भारताच्या अनेक प्रांतांत मूल शाळेत बसले की प्रथम हे वचन गिरवी. अर्थ ठाऊक नसलेली मुले ते 'ओ ना मा सी धं' असे सुरात म्हणत.

या वचनाचा संबंध विद्वानांनी कातंत्र व्याकरणाशी जोडला आहे. अक्षरमाला स्वयंसिद्ध आहे, अशा अर्थाच्या सूत्राने या व्याकरणाचा आरंभ होतो. त्याच्या जन्माची आख्यायिका कथासरित्सागरात आहे आणि ती आपल्या प्रतिष्ठान म्हणजे पैठण नगरीशी निगडित आहे. सातवाहन राजा जलक्रीडा करीत असता राणीने त्याला 'उदक मारू नका' असे संस्कृतात म्हटले. संधी न समजल्यामुळे राजाने ते 'मोदक' असे ऐकले आणि मोदक आणविले. हसे झालेल्या राजाला संस्कृत शिकण्याची तळमळ लागली. गुणाढ्याने सहा वर्षांची मुदत मागितली, तर शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविण्याची प्रतिज्ञा केली आणि सोपे व्याकरण सिद्ध केले. कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु अवघड विषय नवशिक्याला सोपा करून देण्याची गरज त्या काळीही किती जाणवत होती, हे तीवरून कळते. पुढे जैन आचार्यांनी हे व्याकरण आवर्जून जोपासले. भावसेन त्रैविद्य यांची 'कातंत्ररूपमाला' प्रसिद्ध आहे. 'सिद्धम्' हा शब्द उच्चारताना जैन घरातील मुलाच्या मनात सिद्ध परमेष्ठी उभे राहत आणि शेजारच्या मुलाच्या मनात सरस्वती किंवा गणपती. धडा मात्र सर्वांचा एकच होता.

पंतोजींची शाळा

पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. शाळा म्हणजे कोणाच्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा मंडप. मूल प्रथम धुळीवर बोटाने अक्षर काढी, त्याला धुळाक्षर म्हणत. मग धूळपाटी आणि हात बसल्यावर बोरू, शाई आणि कागद. गुरुजींनी घालून दिलेला कित्ता गिरवीत राहावयाचे. लिपी मोडी, कारण पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीत चालत. सकाळी संथा आणि संध्याकाळी परवचा. सुट्टीही तिथीप्रमाणे असे. रविवारची सुट्टी आणि सात वारांचे वेळापत्रक इंग्रजी अमदानीतले आहे.

मोठ्या मुलाने लहान मुलांकडून म्हणवून घ्यावे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास होती. मद्रासच्या अनाथालयाची व्यवस्था पाहणारे अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले. वाळूतील लेखन आणि मुलांनीच मुलांना शिकविणे यांवर आधारलेल्या आपल्या प्रयोगाची हकीकत त्यांनी १७९७ साली प्रसिद्ध केली आणि पुढे ही रीत इंग्लंडातील शाळांत 'मद्रास पद्धत' म्हणून रूढ झाली. आपल्या ओसरीवरची धूळ अशी साता समुद्रापार गेली.

पावकी ते औटकी

पंतोजींच्या शिक्षणाचा कणा म्हणजे उजळणी. एकापासून तीसपर्यंतचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत. पावकी म्हणजे पावाचा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, पाऊणकी म्हणजे पाऊणचा, मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनची औटकी. माणसाचा देह औट हात असतो असे आपण म्हणतो, त्यातला 'औट' तो हाच.

हे पाठांतर निरर्थक छळ होते, असे पुष्कळांना आज वाटते. मी दुकानदार असल्याने मला ते पटत नाही. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चाळीस शेरांचा मण आणि कापड वारावर. रुपयाचा पाव चार आणे, शेराचा पाव पावशेर. साऱ्या व्यवहाराची वाटणी अर्ध्या-पावाची होती. सहा आणे वाराचे साडेतीन वार कापड गिऱ्हाइकाने मागितले की आजोबांच्या तोंडून 'सहा औटे एकवीस' निघे आणि एक रुपया पाच आणे हा आकडा कात्री चालण्याआधीच सांगून होई, असे वडील सांगत. त्या काळी बाजारात जे लागे, तेच शाळा मुलाच्या जिभेवर ठेवीत होती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढील काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो आला, वार जाऊन मीटर आला. हिशेब सुटसुटीत झाला यात शंका नाही. त्याबरोबर औटकीचा आधार मात्र तुटला आणि ती हळूहळू वर्गातून दिसेनाशी झाली. याच सुमारास प्राथमिक शाळांतून मोडीही गेली. १९६७ साली पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. तेव्हा मी बिगरीतून पहिलीत गेलो होतो. आम्ही तिसापर्यंतचे पाढे म्हटले. पावकी-निमकी मात्र शाळेत नव्हे, दुकानाच्या पायरीवर वडिलांनी म्हणवून घेतली. मोडी कोणीच शिकविली नाही.

बदल अजूनही थांबलेला नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस' बरोबर 'वीस दोन' असे वाचण्याची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, तो वाचकांना स्मरत असेल. जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे संख्यानाम लहान मुलाला अडते, ही त्यामागची अडचण खरी होती. बावीस म्हणण्यात परंपरा आहे, ही भावनाही खरी होती. सहा-सात वर्षांच्या मुलाने वर्गात काय म्हणावे, याबद्दल सारा समाज हळवा असतो, हे त्या निमित्ताने दिसले.

आजोबांची वही

आता घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या रोजकीर्द-खतावणीच्या वह्या आहेत. दरवर्षी दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, नव्या वहीबरोबर त्यातील एका जुन्या वहीचीही पूजा होते. हळदकुंकू वाहिले जाते. ती वही घरातील एकालाही वाचता येत नव्हती. पदवीधर असून मलाही नाही, कारण ती मोडीत आहे. पहिल्या पानावर 'श्री'च्या खाली एक ओळ होती. ती हिशेबाची काही खूण असावी, अशी आमची समजूत.

काही वर्षांपूर्वी मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ती वही दाखविली. त्यांनी चष्मा पुसला आणि ओळ वाचली : ओ नमः सिद्धं. आजोबांनी धुळीत गिरविलेला पहिला धडा प्रत्येक नव्या वहीच्या माथ्यावर लिहिला होता. आम्ही वर्षानुवर्षे त्याला नमस्कार करीत होतो, पण तो काय आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते.

त्यांनी आणखी पाने वाचली. एके ठिकाणी 'चिरंजीवाची पाटी व पेन्सिली' असा खर्च होता. ती पाटी माझ्या वडिलांची. वडिलांना दोन थोरल्या बहिणी होत्या. त्यांच्या नावे पाटीचा खर्च कोठेही नाही. माझ्या दोन्ही आत्यांना भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक मुखोद्गत होते, परंतु बँकेत त्या अखेरपर्यंत अंगठाच उठवीत. ब्राह्मी आणि सुंदरीची कथा ज्या घरात भक्तिभावाने वाचली जाई, त्याच घरातली ही गोष्ट आहे. पुण्यात महात्मा फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली ती १८४८ साली. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. ही उदाहरणे डोळ्यांसमोर असूनही आमच्या घरात मुलीच्या हाती पाटी यावयास आणखी एक पिढी जावी लागली, हे मी प्रांजळपणे लिहून ठेवतो.

लिपी गेली की ग्रंथ मुका होतो

जी गोष्ट आमच्या वहीची, तीच फार मोठ्या प्रमाणावर आपल्या आगमाची झाली होती. स्मरणशक्ती क्षीण होत चालली म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. त्या घटनेची आठवण म्हणून आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतो. त्या ग्रंथाची धवला टीका मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर शतकानुशतके राहिली. भाविक दुरून दर्शन घेत. वाचणारे मात्र विरळ झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी पुढाकार घेतल्यावर नकला होऊ लागल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रकाशित झाला. पूजा अखंड चालू असूनही ग्रंथ मुका राहू शकतो, हा त्यातला धडा आहे.

आपल्या रविवारी काय असावे?

आज आपल्या पाठशाळेत येणारी बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. ती हुशार आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु माझी नात णमोकार मंत्र रोमन अक्षरांत लिहून पाठ करताना मी पाहिली. त्या अक्षरांत ण आणि न वेगळे राहत नाहीत, ळ आणि ल वेगळे राहत नाहीत. माझ्या पिढीत मोडी गेली, तशी तिच्या पिढीत बालबोध लिपी जाईल काय, या विचाराने त्या दिवशी मी अस्वस्थ झालो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. रविवारच्या तासातील पहिली पंधरा मिनिटे केवळ देवनागरी वाचन-लेखनाला द्यावीत. पुढील पंधरा मिनिटे तोंडी हिशेबाला. औटकी नसली तरी चालेल, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड हे मुलांच्या जिभेवर असावेत. त्यानंतर तीर्थंकरांची नावे, लांछने, स्तोत्रे आणि कथा. पाठ झालेल्या ओळीचा अर्थ त्याच दिवशी सांगावा आणि मागील रविवारचे पुढील रविवारी म्हणवून घ्यावे. वर्षातून एकदा, श्रुतपंचमीला, घरोघरच्या जुन्या वह्या पाठशाळेत आणाव्यात आणि मोडी जाणणाऱ्याकडून त्या मुलांसमोर वाचवून घ्याव्यात. यासाठी मोठा निधी लागणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या ज्येष्ठांनी या ट्रस्टचा पाया घातला, त्यांना माझे विनम्र अभिवादन. नातीने आता वहीच्या पहिल्या पानावर 'ॐ नमः सिद्धम्' देवनागरीत लिहावयास घेतले आहे. 'द्ध' अजून तिला नीट जमत नाही. आम्ही दोघे तो दर रविवारी गिरवितो, आणि तिच्याच शेजारी बसून मी या वयात मोडीचा कित्ता घेतला आहे.

जय जिनेंद्र.