फ्रॉइडचा जबडा

मनुष्य स्वतःपासून जें लपवितो तें उकरून काढण्याचा व्यवसाय ज्यानें जन्मभर केला, त्याच्याच तोंडांत काय झालें आहे हें त्याच्या वैद्यांनीं कित्येक महिने त्याच्यापासून लपवून ठेवलें! सिग्मंड फ्रॉइडच्या सिद्धान्तांविषयीं प्रस्तुत लेखकाचें मत फारसें अनुकूल नाहीं. परंतु त्याच्या दुखण्याची हकीकत त्या सिद्धान्तांवर अवलंबून नाहीं.

१९२३ च्या आरंभीं व्हिएन्ना येथें फ्रॉइडला आपल्या टाळूच्या उजव्या बाजूस, वरच्या जबड्यालगत, एक गांठ आढळली. तो रोज सुमारें वीस सिगार ओढी. एप्रिलमध्यें हायेक नांवाच्या नाक-घशाच्या शस्त्रवैद्यानें बाह्यरुग्ण विभागांतच ती कापली. रक्तस्राव बेसुमार झाला आणि काम अपुरें राहिलें. मागाहून क्ष-किरण दिले, रेडियमही लावलें. मात्रेचें गणित त्या काळीं कच्चें होतें. रोग हटला नाहीं, वेदना मात्र वाढल्या. क्ष-किरण देणारा होल्त्सक्नेश्ट स्वतःच त्या किरणांनीं झालेल्या कर्करोगानें १९३१ मध्यें मरण पावला. डॉइच ह्या स्नेही वैद्यानें रोग प्रथमच ओळखला होता. पण सत्य ऐकून फ्रॉइड जीव देईल ह्या भीतीनें तो गप्प राहिला. ही दयाच खरी, परंतु तिची किंमत रोग्यानें मोजली.

खरा उपचार केला तो हान्स पिख्लरनें. ऑक्टोबरमध्यें त्यानें प्रथम मानेंतील रक्तवाहिनी बांधून जबड्याखालील ग्रंथी काढल्या. आठवड्यानें ओठ व गाल चिरून उजवा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढून टाकला. हें सर्व केवळ ती जागा बधिर करून! नाक व तोंड ह्यांमधील पडदाच गेला. तें भगदाड बुजविण्यासाठीं एक अवजड कृत्रिम टाळू बसविला. त्याला घरांत 'राक्षस' म्हणत. तो काढावा तर बोलणें-खाणें अशक्य, ठेवावा तर व्रण होत. पुढें उजवा कान बहिरा झाला, तेव्हां डावा कान रोग्याकडे राहावा म्हणून त्यानें आपली खुर्ची व रोग्याचा कोच ह्यांच्या जागा बदलल्या. सिगार मात्र सुटली नाहीं.

सोळा वर्षांत तीसांहून अधिक वेळां शस्त्र लागलें. १९३८ मध्यें नाझींमुळें तो लंडनला गेला, तेव्हां पिख्लर तेथेंही शस्त्रक्रियेसाठीं गेला. पुढल्या वर्षीं रोग शस्त्राच्या आवाक्याबाहेर गेला, आणि पुन्हा किरणांचाच आश्रय घ्यावा लागला.

लंडनमध्येंच अर्नेस्ट जोन्स ह्या शिष्यानें १९२३ मधील लपवाछपवी त्याला सांगितली. वृद्धाचे डोळे पेटले. कोणत्या अधिकारानें, एवढेंच त्यानें विचारलें. माक्स शूर १९२९ मध्यें त्याचा वैद्य झाला, तेव्हांच फ्रॉइडनें दोन वचनें घेतलीं होतीं: सत्य सांगावें, आणि वेळ आली म्हणजे व्यर्थ यातना भोगूं देऊं नयेत. २१ सप्टेंबर १९३९ रोजीं त्यानें दुसऱ्या वचनाची आठवण दिली व हें मुलगी अॅना हिला कळवावें असें सांगितलें. शूरनें मॉर्फिन दिलें. २३ तारखेस पहाटेपूर्वीं फ्रॉइड वारला.