वाटाड्यांचा संघ : शामोनी ते दार्जीलिंग

इ.स. १८६१च्या ऑगस्ट महिन्यात आल्प्समधल्या शामोनी खोऱ्यात, बोसों हिमनदीच्या खालच्या टोकाशी, वितळत्या बर्फातून माणसांचे अवशेष बाहेर येऊ लागले. हाडं, कपड्यांच्या चिंध्या, एक टोपी, चेपलेला कंदील. गावातल्या म्हाताऱ्यांना ते ओळखायला वेळ लागला नाही. २० ऑगस्ट १८२० रोजी माँ ब्लाँच्या चढणीवर हिमप्रपातात सापडून तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गडप झाले होते : पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ओग्युस्त तेराझ. हिमनदी किती वेगाने सरकते याचा अभ्यास करणाऱ्या फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे अवशेष चाळीसेक वर्षांनी खाली येतील असा अंदाज बांधला होता. तो खरा ठरला.

हिमनदीच्या विज्ञानात या घटनेला मान आहे. पण त्या अपघाताचं दुसरंही एक फळ आहे, आणि आज 'साहसी पर्यटन' या नावाने जो जगभर व्यवसाय चालतो त्याच्या इतिहासात ते अधिक मोलाचं आहे. ते म्हणजे शामोनीच्या वाटाड्यांचा संघ.

१८२०ची ती मोहीम रशियन दरबाराशी संबंधित असलेल्या डॉक्टर हामेलची. सोबत ऑक्सफर्डचे दोन इंग्रज. वादळामुळे मंडळी वरच्या खडकांवर अडकून पडली, तेव्हा वाटाडे परतायचं म्हणत होते आणि पाहुण्यांनी वर जाण्याचा हट्ट धरला, अशी हकिगत शामोनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. दोष किती कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. वाद निकालात निघाला नाही तरी गावापुढचा प्रश्न रोकडा होता. पैसे देणारा पाहुणा सांगतो तसं जायचं, तर मेलेल्याच्या घरात चूल कशी पेटणार?

२४ जुलै १८२१ रोजी वाटाड्यांचा संघ उभा राहिला. शामोनी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं. सार्डिनियाच्या राजाच्या सॅव्हॉय प्रांतात होतं. १८२३ साली त्या दरबाराने नियमांना मान्यता दिली. नियमांचा गाभा तीन गोष्टींत होता. पाहुण्याला डोंगरावर न्यायचा हक्क या खोऱ्यातल्याच वाटाड्यांचा. काम पाळीने मिळणार; यादीत ज्याचं नाव पुढे तो जाणार, पाहुण्याला आवडनिवड नाही. आणि मिळकतीतला काही हिस्सा एका मदतनिधीत, जखमी वाटाड्यांसाठी आणि मेलेल्यांच्या बायकामुलांसाठी.

व्यावसायिकांच्या संघाने लोकांचा पैसा सांभाळावा ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा जो लेख आहे, त्यात गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणं कायमची ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा वगैरे खर्च चालायचा, मुद्दल हलवायचं नाही. राजाचा जावई आपली ठेव विणकरांकडे ठेवतो, कारण माणूस मरतो, श्रेणी मरत नाही. शामोनीच्या वाटाड्यांनी उषवदाताचं नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. पण व्यवहाराची समज तीच.

या तीन नियमांपैकी निधीबद्दल कोणाची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती पाळीबद्दल, आणि ती प्रामुख्याने इंग्रजांची. माँ ब्लाँ चढायचं तर माणशी चार वाटाडे घेणं भाग होतं. आल्बर्ट स्मिथ हा लंडनचा हुन्नरी लेखक १८५१ साली तिघा सोबत्यांसह वर गेला तेव्हा वाटाडे झाले सोळा, आणि हमाल वेगळे. शिदोरीत साध्या वाइनच्या ६० बाटल्या होत्या आणि लहानमोठ्या मिळून ४६ कोंबड्या. हा डोंगर चढायला निघालेला माणूस की वरात, असा प्रश्न पडावा! स्मिथचं मात्र काही बिघडलं नाही. १८५२पासून लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने या चढाईचा खेळ वर्षानुवर्षं लावला, लोकांनी तो गर्दी करून पाहिला, आणि त्यातले कितीतरी पुढे शामोनीला आले. संघाला फुकटात याहून मोठी जाहिरात मिळाली नसेल.

खरे गिर्यारोहक मात्र वैतागले. १८५५ साली चार्ल्स हडसन, केनेडी आणि त्यांचे सोबती शामोनीला वळसा घालून सँ-जेर्व्हेच्या बाजूने, वाटाड्यांशिवाय माँ ब्लाँवर गेले, आणि 'वाटाड्यांविना' हे शब्द त्यांनी पुस्तकाच्या नावातच घातले. दोन वर्षांनी लंडनला अल्पाइन क्लब निघाला. क्लबच्या मंडळींचं म्हणणं असं : पाळी आहे म्हणून घाटाच्या पायवाटेवर खेचर हाकणारा माणूस माझ्या गळ्यात बांधणार, आणि ज्याला बर्फ कळतं तो घरी बसणार. हे म्हणणं चूक नव्हतं. १८६५च्या जूनमध्ये एडवर्ड व्हिंपरने ओबरलँडचा आल्मर आणि झेरमाटकडचा बीनर यांना घेऊन एग्वीय व्हेर्त हे शामोनीच्या अंगणातलं शिखर सर केलं, तेव्हा स्थानिक वाटाडे त्याच्यावर इतके उखडले की शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. आपल्या गावचं शिखर परगावच्या माणसाने नेलं, हा तो संताप.

इतिहासकार बहुधा इथे क्लबची बाजू घेतात, कारण लिहून ठेवलं ते क्लबवाल्यांनी. मला पाळीच्या नियमात नुसता आडमुठेपणा दिसत नाही. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांवर अख्ख्या खोऱ्याचं वर्ष निघायचं. पाळी नसती तर चार नामांकित वाटाड्यांनी सगळं काम उचललं असतं आणि बाकीचे सरायांच्या दारात भाव पाडत उभे राहिले असते. भाव पडला की पाहुण्याला 'नाही, आज वर जायचं नाही' हे सांगायची ताकदही जाते. १८२०चा धडा नेमका तोच होता. किंमत मोजावी लागली ती गुणवत्तेत, आणि बंद दारांत. पुढे पाळीचे नियम सैल झाले. दार मात्र बराच काळ बंद राहिलं. खोऱ्याबाहेर जन्मलेला पहिला माणूस, रोजे फ्रिझों-रोश, संघात घेतला गेला तो थेट १९३०मध्ये.

शामोनीत यादी वाटाड्यांच्या हातात होती. आपल्या हिमालयात गोष्ट उलटी घडली.

१९२२ साली एव्हरेस्टवर ब्रिटिश मोहिमेतले सात भारवाहू हिमप्रपातात गेले. १९३४ साली नंगा पर्बतवर वादळात जर्मनांबरोबर सहा शेर्पा गेले; १९३७ साली त्याच डोंगरावर एका रात्रीत सोळा माणसं गाडली गेली, त्यांत नऊ शेर्पा. एवढी माणसं खर्ची पडत होती, आणि त्यांची नोंद ठेवणारी संस्था होती हिमालयन क्लब, म्हणजे काम देणाऱ्या साहेबांची. १९२८ साली दिल्लीत निघालेल्या या क्लबने दार्जीलिंगला शेर्पांची नोंदवही ठेवली. प्रत्येकाला एक पुस्तिका, त्यात साहेबाचा शेरा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस निवडक शेर्पांना 'टायगर' हा बिल्लाही मिळू लागला. क्लबच्या दार्जीलिंगमधल्या मानद सचिवांनी हे काम जिव्हाळ्याने केलं, यात शंका नाही. मोहिमांना भरवशाची माणसं मिळाली आणि शेर्पांनाही काम मिळालं. पुढे हाच क्लब मुंबईत आला आणि त्याचं 'हिमालयन जर्नल' मुंबईकरांनी वर्षानुवर्षं निष्ठेने चालवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. तरीही पुस्तिकेतला शेरा लिहिणारा हात कोणाचा, हे विसरून चालत नाही. वाईट शेरा पडला तर दाद कुठे मागायची?

तेनझिंगला हे पुरतं ठाऊक होतं. दार्जीलिंगला शेर्पांची एक जुनी संस्था होती, मुळात धार्मिक कामांपुरती. १९५०च्या दशकात तिला नवं रूप आलं. एव्हरेस्टनंतर तेनझिंग तिच्या अग्रभागी होता. आत्मकथनात तो सांगतो की ही संस्था काम मिळवून देते, आणि मजुरी वाढावी, जखमींना व मृतांच्या कुटुंबांना अधिक भरपाई मिळावी म्हणून झटते. क्लबच्या काही जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. शामोनीच्या माणसाला मात्र यात नवल वाटलं नसतं. दुर्दैव असं की ही संस्था बाळसं धरत होती तेव्हाच एव्हरेस्टचा रस्ता दार्जीलिंगहून काठमांडूकडे वळला होता. कामच तिकडे गेलं.

काठमांडूत १९७३ साली नेपाळ पर्वतारोहण संघ निघाला, १९७९मध्ये ट्रेकिंग एजन्सींची संघटना. त्यांनी पुष्कळ केलं, पण एजन्सींची संघटना ही अखेर पेढीवाल्यांची. फरक एवढाच की आता अनेक पेढीवाले स्वतः शेर्पा होते. १८ एप्रिल २०१४ला खुंबूच्या हिमप्रपातात दोर आणि शिड्यांच्या वाटेवर सामान वाहणारे सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने तातडीची मदत जाहीर केली : प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये. तेव्हा बेस कॅम्पवरच्या शेर्पांनी तंबूंमध्ये जमून मागण्यांचं निवेदन तयार केलं.  त्यांतली एक मागणी मृतांच्या कुटुंबांसाठी कायमच्या निधीची होती. नेपाळच्या बाजूने त्या वर्षी एव्हरेस्टची चढाई जवळजवळ थांबलीच, आणि पुढे भारवाहूंच्या सक्तीच्या विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपयांवर गेली.

शामोनीत अजूनही दर वर्षी १५ ऑगस्टला वाटाड्यांचा उत्सव असतो. चर्चपुढे वाटाड्यांची नावं पुकारली जातात, दोर आणि कुऱ्हाडी मंत्रून घेतात, आणि उत्सवात जमलेला पैसा मदतनिधीत जातो.