वर्धेचे दोन तीर आणि पतिपत्नींचा कर

राळेगांवचा मुलूख वऱ्हाडांतला. वर्धा नदी ओलांडली कीं हिंगणघाटची बाजू लागे, व ती मध्यप्रांतांतली. सोयरिकी मात्र नदी जुमानीत नसत. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आलें, १९०२ मध्यें सालीना २५ लाख रुपयांच्या भाड्यानें कायमचें दिलें गेलें व १९०३ त मध्यप्रांतास जोडलें गेलें. तरी कायद्याच्या दृष्टीनें धनी निजामच राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप चालत नसत. हुकूम काढून लावावे लागत. त्यांत इकडे रयतवारी, तिकडे मालगुजारी! पतीची जमीन राळेगांवाकडे व पत्नीचें माहेरचें शेत हिंगणघाटाकडे असलें, तर एकाच घरचा सारा दोन निराळ्या रीतींनीं भरला जाई.

प्राप्तीवरील कराची कथा वेगळी आहे. जेम्स विल्सन यांनीं तो १८६० त प्रथम बसविला. १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न वगळलें, आणि कापूस-ज्वारीच्या या मुलखांतील बहुतेक घरें त्यांतून सुटलीं. उरले ते अडते, जिनवाले, वकील, सावकार आणि पगारदार. यांच्या पत्नींची मिळकत कोणाची धरावयाची? इंग्लंडांत ती नवऱ्याचीच मानीत. तेथील विवाहितेस स्वतंत्र करदात्याचें स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावें लागलें! आपल्याकडे १९२२ च्या कायद्यान्वयेंही पत्नीची आकारणी स्वतंत्र होत असे.

पण या स्वातंत्र्याचा लाभ व्यापाऱ्यांनीं आपल्या परीनें घेतला. पत्नीचें नांव पेढीच्या भागीदारींत घातलें कीं नफा दोन नांवांवर विभागला जाई व कराचा दर उतरे. म्हणून १९३७ च्या दुरुस्तीनें पतीबरोबरच्या भागीदारींतील पत्नीचा वांटा, तसेंच त्यानें तिला पुरेशा मोबदल्यावांचून दिलेल्या मालमत्तेचें उत्पन्न, पतीच्या उत्पन्नांत मिळविण्याचें ठरलें. या कलमास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान मिळालें तें वऱ्हाडांतूनच, अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याविरुद्ध. १९६१ मध्यें न्यायालयानें कलम वैध ठरविलें. पळवाट बुजली हें खरें. परंतु दुकानाच्या गादीवर खरोखरच राबणारी स्त्री आणि केवळ कागदावरची भागीदार यांत त्या कलमानें भेद केला नाहीं, ही त्यांतील उणीव म्हटली पाहिजे. पुढील कायद्यानें, पत्नीस तांत्रिक वा व्यावसायिक योग्यतेच्या बळावर पतीच्या पेढींतून वेतन मिळत असेल तर तें तिचेंच मानलें. मध्यंतरीं, १९५५ च्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं विवाहितास २,००० व अविवाहितास १,००० रुपयांपर्यंतचें उत्पन्न करमुक्त ठेवलें होतें. तो भेद पुढें टिकला नाहीं.

गोव्याची तऱ्हा याहून न्यारी. तेथें १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्यानें, विवाहापूर्वीं वेगळा करार नसेल तर दंपतीची मालमत्ता सामाईक असते. तिची आकारणी कशी करावी याबद्दल आयकर खातें व गोमंतकीय यांच्यांत वर्षानुवर्षें खटले चालले. अखेर १९९४ मध्यें नवें कलम घालून, तें १ एप्रिल १९६३ पासून लागू आहे असें ठरविण्यांत आलें: घरभाडें, व्याज, धंद्याचा नफा हें सारें पतिपत्नींत निम्मेंनिम्म, पगार मात्र ज्याचा त्याचा.

राळेगांवच्या एखाद्या शिक्षकाची पत्नी तेलंगणांत आदिलाबादेस नोकरीस असली, तर आज दोघांचीं आयकरविवरणें स्वतंत्र जातात. संयुक्त विवरणाची सोय भारतीय कायद्यांत नाहीं. आयकर केंद्राचा, म्हणून राज्य बदलल्यानें त्यांत फरक पडत नाहीं. व्यवसायकर तेवढा राज्याचा. महाराष्ट्राचा त्याबद्दलचा कायदा १९७५ चा. संविधानानें त्यास वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ मध्यें २,५०० झाली. त्याचा कर मुंबईच्या तिजोरींत, तिचा हैदराबादच्या. पतीनें पाठविलेल्या पैशांची तिनें ठेव ठेवली तर तिचें व्याज पतीच्या विवरणांत दाखवावें लागतें. तिच्या पगारांतून शिल्लक पडलेल्या पैशाचें व्याज तिच्या. दोन्ही रकमा एकाच खात्यांत मिसळल्या म्हणजे कोणतें व्याज कोणाचें हें पुढें सिद्ध करणें कठीण जातें.