पिवळ्या गोळीची वंशावळ

आमच्या शिरूर-दौंड भागात ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. परळच्या या रुग्णालयामागे रक्ताच्याच कर्करोगाची एक दुःखद हकिगत आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ च्या जूनमध्ये वेल्समध्ये याच रोगाने वारल्या. पुढे टाटांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले.

योगायोग असा, की त्याच १९३१ साली परळच्याच हाफकिन संस्थेतले एक संशोधन प्रसिद्ध झाले. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावत. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाईंना त्यांच्या ताटाचा संशय आला. त्यांनी माकडांना तसाच निकस आहार दिला, तर माकडांचेही रक्त आटले. मग मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, चारला आणि रक्त भरू लागले. बायकांनाही तोच गुण आला! त्या अर्कातले द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले.

अमेरिकेत हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले ते आपल्या भीमवरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिले, तर रोग उलट फोफावल्यासारखा दिसला. दुसरा एखादा हबकून थांबला असता. फार्बरनी सुब्बारावांकडे याच्या विरुद्ध गुणाचे औषध मागितले. खऱ्या नाण्यासारखे दिसणारे खोटे नाणे म्हणा ना. पेशी ते घेते आणि तिची वाढ खुंटते. १९४८ साली फार्बरनी १६ मुलांची हकिगत छापली. १० जणांना उतार पडला होता, पण तात्पुरता. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

त्या औषधाचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, आजची पिवळी गोळी. ‘टाटा’त १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे हे डॉक्टर चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरत. बऱ्या झालेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी व्हावी म्हणून डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये तिथे वेगळा दवाखाना सुरू केला. ‘बरी झालेली मुले’ हा शब्दप्रयोग त्याआधीच्या पिढीला खोटाच वाटला असता!

खरी अडचण गावाकडे येते. उपचार दोन-अडीच वर्षांचा. ताप जातो, मूल खेळू लागते आणि गाडीभाडे, बुडालेली मजुरी डोळ्यांपुढे उभी राहते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप चौथ्याच महिन्यात म्हणाला, “मास्तर, पोरगं बरं दिसतंय. आता बास झालं.” मी त्याला परळची ही सगळी कथा सांगितली. मार्माइट आणि माकडे त्याने निमूटपणे ऐकून घेतली. फार्बरच्या तात्पुरत्या उताऱ्यापाशी मात्र तो थबकला. “म्हंजे मुळं आत ऱ्हातात?” त्याने विचारले. माणूस उसाचा शेतकरी. वरवर खुरपलेली हरळी पुन्हा कशी उठते, हे त्याला मी काय सांगावे?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुलाला घेऊन दौंडला गाडीत बसला.