वाऱ्याचा नकाशा आणि रयत

वाऱ्याचा रोख ओळखण्याची विद्या आपल्या मुलखात कोकणच्या तांडेलांपाशी आणि देशावरच्या शेतकऱ्यांपाशी पिढ्यान्‌पिढ्या होतीच. परंतु ती आकड्यांत उतरविण्याचे काम सरकारी हवामान खात्याने हाती घेतले, आणि १९२८ साली त्या खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आल्यावर महाराष्ट्र त्या कामाचे केंद्र झाला. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा आकाशात सोडावयाचा, थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून मिनिटामिनिटास त्याचा उन्नतांश व दिगंश टिपावयाचा, रात्र असल्यास त्याच्या खाली दिवा बांधावयाचा, आणि तो ठरावीक वेगाने चढतो असे गृहीत धरून उंचीउंचीवरचा वारा गणिताने काढावयाचा, अशी त्या कामाची रीत होती.

अणुयुगाने या विद्येवर प्राणरक्षणाची जोखीम टाकली. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडातील विंडस्केल येथे अणुभट्टीस आग लागली, तेव्हा किरणोत्सारी आयोडीन वाऱ्याबरोबर कुरणांवर उतरले, गाईंच्या दुधात आले, आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतील दुधाच्या विक्रीस मनाई करावी लागली. १९८६ च्या एप्रिलात चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात सुटलेले द्रव्य हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या स्वीडनमध्ये पोहोचले, आणि तेथील फोर्समार्क वीजकेंद्रातील यंत्रांनी ते पकडल्यावरच जगास या अपघाताचा सुगावा लागला.

परंतु सर्वांत मोठा धडा जपानातील फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघाताचा आहे. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्ग कोठे जाईल याचे भाकीत करणारी ‘स्पीडी’ नावाची गणनपद्धती जपानपाशी सिद्ध होती, आणि २०११ च्या मार्चात भट्टीतून किती द्रव्य सुटते हा आकडा हाती नसतानाही, सुटणारे द्रव्य एक एकक धरून तिचे नकाशे निघत होते. तथापि स्थलांतराचे हुकूम ३, १० आणि २० किलोमीटरांच्या वर्तुळांनी सुटले, आणि नामिए गावचे पुष्कळ रहिवासी वायव्येस त्सुशिमा भागात आश्रयास गेले, ज्या बाजूस १५ मार्च रोजी वारा वळला आणि पाऊस व बर्फ यांनी ते द्रव्य जमिनीवर आणले. पहिला नकाशा लोकांसमोर आला तो २३ मार्चला.

आपल्याकडे तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून वीज देत आहे. तेथे दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वारा वाहतो, म्हणून सकाळचा नकाशा सायंकाळी खरा राहत नाही. आपले सोलापूर तारापूरपासून सुमारे चारशे आणि कर्नाटकातील कैगा अणुवीजकेंद्रापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असल्यामुळे येथे तातडीच्या भयाचे कारण नाही; पण आकाश वाचण्याची साधने या शहराने जवळून पाहिली आहेत, कारण २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने येथेच तळ ठोकून विमाने व रडार यांच्या साहाय्याने मेघबीजनाचे प्रयोग केले. शास्त्र आहे, साधने आहेत. उणीव राहते ती नकाशा आणि रयत यांच्यामधल्या वाटेची. संकटाच्या घटकेस वाऱ्याचे भाकीत दफ्तरात न अडकता, जिल्हाधिकाऱ्यांकडून तलाठ्याकडे आणि तेथून गावच्या चावडीवर, सोप्या मराठीत तासाभरात पोहोचेल, ही तजवीज शांततेच्या काळातच झाली पाहिजे.